मेलबर्नमध्ये बाहेर जेवायला जाताना: घड्याळापासून बिलापर्यंत

सांगलीहून आई-बाबा पहिल्यांदा मेलबर्नला आले तेव्हा मला इथे येऊन जेमतेम चार महिने झाले होते. त्या रविवारी मोठ्या हौसेने त्यांना शहरात जेवायला नेलं. पोचलो तेव्हा पावणेतीन वाजले होते. पहिल्या कॅफेतली मुलगी हसून म्हणाली, किचन बंद झालं, केक आहे. दुसऱ्या कॅफेत खुर्च्या उलट्या करून टेबलांवर चढवणं चाललं होतं. तिसरीकडे जागा मिळाली, पण वीस मिनिटं झाली तरी आमच्याकडे कोणी फिरकेना. ऑर्डर काउंटरवर जाऊन द्यायची असते, हे आम्हाला शेजारच्या टेबलावरच्या आजींनी सांगितलं. बाबा म्हणाले, "एवढ्यात घरी पिठलं-भात होऊन भांडीसुद्धा घासून झाली असती."

त्याला आता अकरा वर्षं झाली. तेव्हापासून सासू-सासरे, मामा, नणंदेची मैत्रीण, नुकतेच उतरलेले विद्यार्थी अशा कितीतरी जणांना घेऊन मी शहरात जेवायला गेले आहे. आपल्याकडे हॉटेलात टेकलं की पाण्याचे ग्लास आदळतात आणि वेटर पाठ केलेली यादी म्हणून दाखवतो. इथे विचारल्याशिवाय काही मिळत नाही, आणि विचारलं की बहुतेक सगळं मिळतं. फक्त काय, कुठे आणि केव्हा विचारायचं ते माहीत हवं. मी मेलबर्नची राहणारी, त्यामुळे उदाहरणं इथली आहेत. सिडनी, ब्रिस्बेन, ॲडलेडलाही पद्धत जवळपास हीच.

1. आधी घड्याळ, मग भूक

कॅफे म्हणजे सकाळची जागा. सहा-सात वाजता उघडतात आणि तीन-चारला बंद होतात. त्यातही किचन दोन-अडीचलाच आवरतं आणि त्यानंतर फक्त कॉफी आणि काचेच्या कपाटातले केक उरतात. "संध्याकाळी पाचला मस्त कॅफेत बसू" हा आपला बेत इथे बहुतेक ठिकाणी फसतो.

रेस्टॉरंटचं दुपारचं जेवण साधारण बारा ते अडीच आणि रात्रीचं साडेपाच ते नऊ. दाराच्या पाटीवर दहा वाजेपर्यंत उघडं असं लिहिलेलं असलं, तरी शेवटची ऑर्डर साडेआठ-नऊलाच घेतात. आपली साडेनऊची जेवायची वेळ सुट्टीपुरती विसरा. अगदीच उशीर झाला तर लिटल बर्क स्ट्रीटवरचं चायनाटाउन वाचवतं, तिथे बऱ्याच खानावळी रात्री उशिरापर्यंत चालू असतात. सोमवार-मंगळवार ही पुष्कळ चांगल्या रेस्टॉरंटची सुट्टी. गुड फ्रायडे आणि ख्रिसमसच्या दिवशी शहर ओस पडतं, त्या दिवशी घरी खिचडी टाका.

शनिवार-रविवारी सकाळी दहा ते बारा ही ब्रंचची वेळ. नावाजलेल्या कॅफेबाहेर तेव्हा रांग लागते. आठ-साडेआठला गेलात तर खिडकीजवळचं टेबल मिळतं आणि वेटर तुमच्याशी दोन शब्द बोलायच्या मनःस्थितीत असतो.

2. जायचं कुठे

पहिल्या दिवशी फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनसमोरच्या डीग्रेव्ह्ज स्ट्रीटला जरूर जा. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंनी टेबलं, मधून जेमतेम दोन माणसं जातील एवढी वाट. तुळशीबागेत टेबलं मांडली तर कसं दिसेल, साधारण तसं. पुढे फ्लिंडर्स लेन ओलांडली की सेंटर प्लेस लागतं, तो बोळ आणखी अरुंद. जेवणापेक्षा तिथला माहोल बघायचा. बर्क स्ट्रीटवरचं पेलेग्रिनीज 1954 पासून चालू आहे. लाल उंच स्टुलांवर बसून कॉफी प्यायची, गप्पा ऐकायच्या. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीहून आलेल्या लोकांनी या शहराला एस्प्रेसोचं वेड लावलं, ते तिथे बसल्यावर समजतं.

शहराच्या मध्यभागात ट्राम फुकट आहे, मायकी हे इथलं प्रवासाचं कार्ड लावायची गरज नाही. क्वीन व्हिक्टोरिया मार्केटही या फुकट पट्ट्यात येतं. 1878 सालचा हा बाजार सोमवारी आणि बुधवारी बंद असतो, आणि पाहुण्यांना नेमकं बुधवारीच जायचं असतं. तिथे गरम जॅम डोनट आणि पालक-चीज भरलेलं बोरेक घ्या. दोघांचं पोट थोड्या पैशांत भरतं.

हार्डवेअर लेन आणि कार्लटनमधली लायगन स्ट्रीट, या दोन ठिकाणी दारात उभी माणसं मेनू हातात देऊन आत बोलावतात, एक ड्रिंक फुकट देऊ म्हणतात. त्यांच्याशी हसून बोला आणि पुढे चला. ज्या हॉटेलाला गिऱ्हाईक बाहेरून ओढून आणावं लागतं तिथे मला अजून लक्षात राहील असं जेवण मिळालेलं नाही. लायगन स्ट्रीटवर इटालियन लोकांचीच गर्दी असलेली दुकानं शोधा, ती आहेत.

माझा खरा सल्ला मात्र वेगळा आहे. शहरात कॉफी प्या आणि जेवायला रेल्वेने फुट्सक्रेला जा. तिथे व्हिएतनामी आणि इथिओपियन खानावळी शेजारी शेजारी आहेत. आईला इथिओपियन जेवण पहिल्याच घासाला आपलं वाटलं. मोठ्या ताटात आंबवलेल्या पिठाची आंबोळीसारखी मऊ इंजेरा, तिच्यावर मसूर, हरभऱ्याचं दाट वरण, कोबी-बटाटा, पालेभाजी असे ढीग, आणि सगळ्यांनी एकाच ताटातून हाताने खायचं. त्यांच्याकडेही उपवासाची परंपरा आहे आणि उपवासाला मांस, दूध, अंडं काही चालत नाही. त्यामुळे 'व्हेजी कॉम्बो' मागितला की शंका घ्यायला फारशी जागाच उरत नाही.

भारतीय जेवणासाठी डँडेनाँगचं लिटल इंडिया, सिडनीत हॅरिस पार्कची विग्रम स्ट्रीट. शहरातल्या बऱ्याचशा भारतीय रेस्टॉरंटमध्ये मात्र पंजाबी मेनू असतो आणि भात, पापड, रायता, कधीकधी कांद्याच्या चकत्यासुद्धा वेगळ्या पैशांनी येतात. "माइल्ड, मीडियम की हॉट?" असं विचारतात, तेव्हा "इंडियन हॉट" म्हणा, नाहीतर गोडसर केशरी रस्सा पुढ्यात येईल.

3. बुकिंग

कॅफेला बुकिंग लागत नाही. शुक्रवार-शनिवारच्या रात्रीच्या जेवणाला लागतं, आणि चारपेक्षा जास्त माणसं असतील तर कुठल्याही दिवशी करावंच. बहुतेक ठिकाणी वेबसाइटवरून दोन मिनिटांत होतं. त्यात तीन गोष्टी नीट वाचा.

टेबल किती वेळासाठी आहे? सहाची वेळ घेतली तर आठला दुसरे लोक येणार असतात आणि पावणेआठला तुम्हाला गोड शब्दांत उठवतात. निवांत गप्पा मारायच्या असतील तर आठची वेळ घ्या. कार्डाचा नंबर मागितला आहे का? मागितला असेल तर न सांगता गैरहजर राहिल्याबद्दल माणशी दंड कापला जातो. रद्द करायचं तर किती तास आधी, ते तिथेच लिहिलेलं असतं. आणि तिसरं, मोठ्या घोळक्यासाठी 'सेट मेनू' सक्तीचा आहे का? आठ-दहाच्या वर माणसं असली की पुष्कळ ठिकाणी माणशी ठरलेल्या किमतीचा एकच मेनू घ्यावा लागतो. त्यात शाकाहारी किती, हे आधी कळवलं नाही तर मावशींच्या पुढ्यात भाजलेलं गाजर येतं.

बुकिंगच्या फॉर्मवर 'डाएटरी रिक्वायरमेंट्स' असा रकाना असतो. तो रिकामा सोडू नका. स्वयंपाकघराला दोन दिवस आधी कळलं की आचारी काहीतरी नीट करतो, आयत्या वेळी कळलं की पदार्थातून काहीतरी काढून टाकतो.

4. दारातून टेबलापर्यंत

दारात 'प्लीज वेट टु बी सीटेड' अशी पाटी असेल तर तिथेच थांबा. जागा रिकामी दिसली म्हणून जाऊन बसलात तर कोणी ओरडणार नाही, पण तुमच्याकडे कोणी येणारही नाही. पाटी नसेल तर आत शिरल्यावर जो पहिला दिसेल त्याला विचारा, "ऑर्डर ॲट द टेबल ऑर ॲट द काउंटर?" या एका वाक्याने माझा तो पहिला रविवार वाचला असता.

काउंटरवर ऑर्डर असेल तर आधी टेबल बघा, त्याचा नंबर लक्षात ठेवा, मग जाऊन सांगा आणि तिथेच पैसे द्या. काही ठिकाणी नंबर लिहिलेला स्टँड हातात देतात, तो टेबलावर ठेवायचा. पबमध्येही हेच, जेवण बारच्या काउंटरवर सांगायचं. काही ठिकाणी टेबलावर क्यूआर कोड चिकटवलेला असतो. बाबांना ते जमत नाही आणि आवडतही नाही. कागदी मेनू मागा, बहुतेक ठिकाणी असतो.

"हाउ यू गोइंग?" हा प्रश्न नाही, नमस्कार आहे. "गुड थँक्स, यू?" एवढं पुरे. वेटरला चुटकी वाजवून किंवा शुकशुक करून बोलवायचं नाही. त्याच्याकडे बघायचं, नजर मिळाली की हात थोडा वर करायचा. बाबांना हे शिकायला दोन ट्रिपा लागल्या.

"स्टिल ऑर स्पार्कलिंग?" असं विचारलं की दोन्ही पाण्यांचे पैसे पडतात. "टॅप वॉटर, प्लीज" म्हणा. नळाचं पाणी इथे निर्धास्त पिता येतं, आणि दारूचा परवाना असलेल्या जागेला ते फुकट द्यावंच लागतं. कॅफेत बहुतेक वेळा बाटली आणि ग्लास कोपऱ्यात ठेवलेले असतात, आपलं आपण घ्यायचं.

5. कॉफी, आणि चहाची कहाणी

कॉफीबद्दल हे शहर हळवं आहे. स्टारबक्सने 2008 मध्ये ऑस्ट्रेलियातली 61 दुकानं एका फटक्यात बंद केली, कारण गल्लीतल्या कॅफेसमोर त्यांचा टिकाव लागला नाही. तेव्हा "वन कॉफी, प्लीज" म्हणून भागत नाही, कुठली ते सांगावं लागतं.

दुधाची हवी आणि फेस फार नको असेल तर फ्लॅट व्हाइट. आपल्या माणसांना बहुतेक वेळा हीच आवडते. लाते काचेच्या ग्लासात येते आणि वर थोडा जास्त फेस असतो. कॅपुचिनोवर चॉकलेटची पूड भुरभुरतात. बिनदुधाची मोठी म्हणजे लाँग ब्लॅक, घोटभर कडक म्हणजे शॉर्ट ब्लॅक. छोटी पण जोरकस दुधाची हवी असेल तर पिकोलो. 'मॅजिक' ही खास मेलबर्नची चीज, पाऊण कप दुधात दुप्पट कडक अर्क. सिडनीला जाऊन मॅजिक मागितलीत तर समोरचा भुवया उंचावेल. उलट, पर्थचे लोक 'लाँग मॅक टॉप्ड अप' नावाचं काहीतरी मागतात आणि ते इथे कुणाला कळत नाही.

दोन सूचना फक्त आपल्यासाठी. इथे दूध उकळत नाहीत, साठ-पासष्ट अंशांपर्यंतच तापवतात, म्हणजे चव गोड राहते. आपल्या घशाला ती कॉफी कोमट वाटते. "एक्स्ट्रा हॉट" म्हणायला लाजू नका. बरिस्ता, म्हणजे कॉफी करणारा, मनात काय म्हणेल ते म्हणू दे. दुसरी सूचना, 'आइस्ड कॉफी' म्हणजे बऱ्याच ठिकाणी आइस्क्रीम आणि क्रीम घातलेला गोड ग्लास. नुसती थंड दुधाची कॉफी हवी तर 'आइस्ड लाते' म्हणा. ओट, बदाम किंवा सोयाचं दूध घेतलं की पन्नास सेंट ते एक डॉलर वाढतो.

चहावाल्यांनी 'चाय लाते' या नावाला भुलू नये. बहुतेक ठिकाणी ती पुडीतली किंवा पाकातली मसाला-साखर गरम दुधात ढवळलेली असते, चहा नावालाच. 'स्टिकी चाय' मिळतो का ते विचारा. त्यात खरी चहापत्ती, वेलची, दालचिनी, आलं मधात कालवलेलं असतं आणि किटलीत दुधासकट मुरवून देतात. सासूबाईंनी त्याला दहापैकी सहा गुण दिले, आणि त्यांच्याकडून सहा म्हणजे फार झाले.

बरोबर लहान मूल असेल तर त्याच्यासाठी 'बेबीचिनो' मागवा. छोट्या कपात नुसता दुधाचा फेस, वर चॉकलेटची पूड आणि बाजूला मार्शमेलो. मार्शमेलोत जिलेटिन असतं, नको असेल तर आधीच सांगा.

6. मेनूचं कोडं

'आँत्रे' म्हणजे इथे सुरुवातीचा छोटा पदार्थ, मुख्य जेवण 'मेन्स'मध्ये शोधायचं. 'शेअर प्लेट्स' लिहिलं असेल तर सगळं मध्ये ठेवून वाटून खायचं. माणशी दोन-तीन पदार्थ धरा, पण एकदम मागवू नका, आधी थोडे मागवून बघा. 'साइड्स'मधल्या चिप्स म्हणजे आपले वेफर्स नव्हेत, त्या तळलेल्या बटाट्याच्या जाड काड्या. 'लेमोनेड' मागवलं तर बाटलीतलं पांढरं सोडा-पेय येतं, लिंबू सरबत नव्हे. 'कॅप्सिकम' मात्र कॅप्सिकमच, तेवढी एक सोय झाली.

मांसाहारी पण बीफ-पोर्क न खाणाऱ्यांनी इथे थोडं सावध राहावं. बर्गर, मीट पाय, बोलोन्येज म्हटलं की न सांगता बीफच समजायचं. पबमधली 'चिकन पार्मा' नावाने चिकन असली तरी चिकनवर सॉस, त्यावर हॅमची चकती आणि मग चीज असतं. "नो हॅम, प्लीज" म्हटलं की काढून देतात.

सकाळी काय मागवायचं, असं सगळे विचारतात. स्मॅश्ड ॲव्होकाडो घ्या. आंबूस पावाच्या जाड कापावर कुस्करलेला ॲव्होकाडो, लिंबू, फेटा चीज आणि वर मऊसर शिजवलेलं अंडं. अंडं वेगळं मागवायचं असतं किंवा नको म्हणता येतं. वर हिरवी मिरची आणि मीठ पेरलं की चव आपल्या जवळची होते. पहिल्यांदा 24 डॉलरचा आकडा बघून मामा म्हणाले, "पावावर फळ चोपडायचे हे पैसे?" मग त्यांनी पुसून खाल्लं.

7. शाकाहारी असाल तर हा भाग दोनदा वाचा

इथल्या 'व्हेजिटेरियन' शब्दात अंडं बसतं. हे एक वाक्य लक्षात ठेवलं तर अर्धे घोटाळे टळतात. मेनूवर 'व्ही' लिहिलेल्या पदार्थात मांस-मासे नसतात, पण अंडं, मेयोनेझ, अंड्याचा पास्ता सगळं असू शकतं. काही जागी 'व्ही'चा अर्थ व्हेगन, म्हणजे दूध-अंडंही नसलेलं, असा असतो, काही जागी व्हेगनला 'व्हीजी' किंवा 'व्हीई' लिहितात. तळाशी खुलासा दिलेला असतो, तो वाचा. अंडं अजिबात चालत नसेल तर सरळ व्हेगन पदार्थ निवडा, आणि वर दूध-चीज हवं असेल तर वेगळं मागा. केक-पेस्ट्रीच्या बाबतीतही व्हेगन हाच सोपा मार्ग.

सांगायचं कसं? "आय ॲम प्युअर व्हेज" हे इथे कुणाला समजत नाही. असं म्हणा: "आय डोन्ट ईट मीट, चिकन, फिश ऑर एग. डेअरी इज फाइन." काय चालतं हे शेवटी सांगायचंच, नाहीतर तुम्हाला व्हेगन समजून पनीरसुद्धा नाकारतात.

आता लपलेल्या गोष्टी. रिसोटो आणि सूपमध्ये चिकनचं पाणी घातलेलं असू शकतं. थाई आणि व्हिएतनामी पदार्थांत भाज्याच दिसत असल्या तरी फिश सॉस असतो, चिनी भाज्यांत ऑयस्टर सॉस. लाक्सा नावाच्या नारळाच्या झणझणीत सूपाचा मसाला सुकट घालून वाटलेला असतो. जपानी इनारी म्हणजे गोडसर टोफूत भरलेला भात, पण तो टोफू बऱ्याचदा माशाच्या पाण्यात मुरवलेला असतो. ॲव्होकाडोचा सुशी रोल त्या मानाने सुरक्षित. पारंपरिक पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. तुम्हाला यातलं काय चालतं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण माहीत असून खाल्लेलं बरं.

आणि तेल. एका संकष्टीला आम्ही समुद्रकिनारी होतो. बाकी काही चालण्यासारखं नव्हतं, म्हणून आईसाठी फिश-अँड-चिप्सच्या दुकानातून गरम चिप्स घेतल्या. बटाटा, मीठ, तेल, काय बिघडलं? आईला फार आवडल्या. परतताना भिंतीवरची पाटी वाचली, तळण बीफच्या चरबीत. मी गप्प बसायला हवं होतं, पण तोंडातून निघून गेलं. आई दोन मिनिटं समुद्राकडे बघत राहिली, मग म्हणाली, "आता सांगितलंस कशाला?" तेव्हापासून माझा प्रश्न ठरलेला आहे: कशात तळता, आणि त्याच तेलात मासे तळता का? काही ठिकाणी वेगळी कढई असते, नसेल तर ते तसं प्रामाणिकपणे सांगतात. चिप्सवरचं 'चिकन सॉल्ट' बऱ्याचदा नुसत्या मसाल्याचंच असतं, पण सगळीकडे नाही. "प्लेन सॉल्ट" म्हणून मोकळं व्हा.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांची वाट खडतर आहे. व्हेगन म्हणजे बिनलसणाचं नव्हे. अशा पाहुण्यांना मी सकाळच्या कॅफेत नेते. तिथे टोस्ट, फळं, ग्रनोला, ॲव्होकाडो सगळं डोळ्यांसमोर सुटं असतं. संध्याकाळचं जेवण घरी.

ॲलर्जी असेल तर तो शब्द स्पष्ट वापरा. 'ॲलर्जी' ऐकलं की इथले लोक ताठ होतात, आत जाऊन आचाऱ्याला विचारून येतात. म्हणूनच नुसत्या नावडीसाठी तो शब्द वापरू नका. खरी ॲलर्जी असलेल्या पुढच्या माणसाचं नुकसान होतं.

8. बिल

मेनूवरच्या किमतीत 10 टक्के जीएसटी धरलेला असतो, वर कर लागत नाही. तरी बिल वाढतं, त्याची दोन कारणं मेनूच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली असतात. रविवारी साधारण 10 टक्के आणि सार्वजनिक सुट्टीला 15 टक्के अधिभार, आणि कार्डाने पैसे दिले तर आणखी एक-दीड टक्का.

एक हिशेब करू. रविवारी दोघांनी 25 डॉलरचा एकेक नाश्ता आणि साडेपाचची एकेक कॉफी घेतली. झाले 61. दहा टक्के धरून 67.10. कार्डाचा दीड टक्का धरून 68.11. हाच नाश्ता मंगळवारी सकाळी रोख पैशांत 61 लाच पडला असता. हा अधिभार लबाडी नाही. रविवारी आणि सुट्टीला कामगारांना जास्त दराने पगार द्यावा लागतो, त्यासाठी तो असतो. मेनूवर ठळक सूचना मात्र हवी. ती नसेल तर नम्रपणे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

टिप द्यायची का? नाही दिली तरी चालतं. जुलै 2025 मध्ये देशातलं किमान वेतन तासाला 24.95 डॉलर झालं आणि रोजंदारीवर असलेल्यांना त्यावर 25 टक्के जास्त मिळतात. वेटरचं घर टिपेवर चालत नाही. हल्ली कार्डाच्या मशीनवर 10, 15, 20 टक्के असे पर्याय चमकतात आणि मागे वेटर उभा असतो, त्या दडपणाखाली बोट घसरतं. 'नो टिप' शोधा आणि दाबा, कोणी वाईट मानत नाही. जेवण खरंच आवडलं, कुणी तुमच्यासाठी धावपळ केली, तर चांगल्या रेस्टॉरंटमध्ये दहा टक्के ठेवा.

बिल टेबलावर आपोआप येत नाही. आणणं म्हणजे तुम्हाला उठवणं, असं ते समजतात. कॅफेत उठून काउंटरवर जायचं आणि टेबल नंबर सांगायचा. रेस्टॉरंटमध्ये "कॅन वी गेट द बिल, प्लीज?" म्हणायचं. बिल वेगवेगळं करून हवं असेल तर ऑर्डर देतानाच विचारा, काही ठिकाणी 'नो स्प्लिट बिल्स' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. रोख देताना रक्कम जवळच्या पाच सेंटांवर आणली जाते. एक आणि दोन सेंटांची नाणी 1992 पासूनच चलनातून काढली आहेत. बऱ्याच दुकानांत आता फक्त कार्ड चालतं, तेव्हा आलेल्या पाहुण्यांनी फॉरेक्स कार्ड जवळ ठेवावं आणि पिन पाठ करावा.

ऑफिसातल्या लोकांबरोबर गेलात तर आणखी एक गोष्ट. "लेट्स गो फॉर डिनर" हे निमंत्रण नसतं, आपले पैसे आपण द्यायचे. वाढदिवसाच्या जेवणालासुद्धा. कुणी "माय शाउट" म्हटलं, तर त्या फेरीचे पैसे तो देणार. पुढची फेरी तुमची, हे न सांगता ठरलेलं असतं. बिलावरून झटापट करायची आपली पद्धत त्यांना गमतीची वाटते. दारात 'बीवायओ' लिहिलं असेल तर आपली वाइनची बाटली घेऊन जाता येतं, ग्लास आणि बूच उघडण्याचे थोडे पैसे घेतात. न पिणाऱ्यांना काही नाही, पण पिणाऱ्यांचं बिल निम्म्यावर येतं.

एक डॉलर म्हणजे किती रुपये हा गुणाकार पहिल्या आठवड्यात सगळे करतात. करा, पण मेनू हातात असताना मोठ्याने नको. बाबांनी एकदा कॉफीचे रुपये करून सांगितले आणि आईने ती अर्धीच प्यायली.

9. उरलेलं घरी नेताना

इथली पानं मोठी असतात, उरणारच. डबा मागायला अजिबात संकोच करू नका, "कॅन आय टेक धिस अवे?" म्हणा. काही रेस्टॉरंट अन्नसुरक्षेच्या भीतीने नकार देतात, काही डब्याचे पैसे लावतात. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, फेब्रुवारी 2023 पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या चमच्या-स्ट्रॉवर बंदी आहे, त्यामुळे वाटेत खायचं असेल तर पर्समध्ये एक चमचा ठेवा. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांच्या आत असेल तर फ्रिजमध्ये ठेवता येतं, चार तासांच्या वर गेलं की टाकून द्यायचं, असा इथला साधा नियम आहे. जेवून मग तासन्तास भटकायचं असेल तर डबा घेऊच नका.

फुट्सक्रेहून आणलेली इंजेरा बाबांनी दुसऱ्या दिवशी तव्यावर तूप सोडून गरम केली आणि आईने सांगलीहून आणलेल्या लसणाच्या चटणीबरोबर खाल्ली. परत कधी जायचं, असं त्यांनी स्वतःहून विचारलं.